घरोघरची पेटी : भांडुप येथील एक हकीकत

आमच्या वाचकांपैकीं ज्यांची जमीन कोंकणपट्टींत आहे त्यांचा कोणी ना कोणी आप्त मुंबईस असतोच. आणि कोंकणी माणसाचें मुंबईंतील बिऱ्हाड म्हटलें म्हणजे परळ-लालबाग, नाहीं तर भांडुप, असा जुना ठोकताळा आहे. गांवाकडून तांदूळ, कुळीथ, आमसुलें मुंबईस जातात आणि मुंबईहून पंखा, शिलाईयंत्र, दूरचित्रवाणीचा जुना संच अशा वस्तु गांवीं येतात. शहरांत आज एखादी नवी सोय किंवा नवा खर्च सुरू झाला, तर पांच-सात वर्षांच्या आंत तो आपल्या ओटीवर येऊन बसतो, हें अनेकदां दिसून आलें आहे. सन २०१२ च्या अखेरीस भांडुपांत केबलची जुनी रीत बंद पडून डिजिटल रीत सुरू झाली, तेव्हां तेथील घरांनीं तो बदल कसा निभावला, कोणाच्या पदरचे किती गेले आणि कोणाचें काय चुकलें, हें आम्हीं जवळून पाहिलें होतें. पुढें २०१७ सालीं तोच बदल गांवोगांव आला. ज्यांनीं भांडुपची हकीकत ऐकून ठेविली होती त्यांचे चार पैसे वांचले. इतरांनीं तीच चूक नव्यानें केली. म्हणून ती येथें थोडी विस्तारानें देत आहों.

त्या वर्षीं कोजागिरी २९ ऑक्टोबरास होती. हळवें भात कापून झालें होतें आणि गरवें अजून आठ-पंधरा दिवस उभें राहणार होतें. तेवढ्या सवडींत एका जुन्या दस्ताच्या नकलेसाठीं आम्हांस मुंबईस जावें लागलें, व उतरणें अर्थातच भांडुपास चुलत बंधूंच्या घरीं झालें. स्टेशनाच्या पश्चिमेस बाहेर पडून लाल बहादुर शास्त्री मार्ग ओलांडला कीं जमीन चढूं लागते. टेंभीपाडा, कोंकणनगर, तुळशेतपाडा, खिंडीपाडा अशीं नांवें घेत ही वस्ती थेट राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरास जाऊन भिडते. पूर्वेकडे रुळांपलीकडे मिठागरें आणि खाडी. मधल्या पट्ट्यांत गेस्ट कीन विल्यम्स, सीएट, एशियन पेंट्स यांसारखे कारखाने उभे राहिले, आणि तेथें राबणाऱ्या माणसांनीं टेकडीच्या उतारावर खोलीला खोली जोडीत घरें बांधलीं. आमचे बंधूहि अशाच एका कारखान्यांतून निवृत्त झालेले. दहा फूट रुंद, बारा फूट लांब खोली, वर पोटमाळा, बाहेर हातभर ओटी. आणि त्या ओटीवर उभें राहून पाहिलें तर एका छपरावरून दुसऱ्या छपरावर गेलेल्या काळ्या तारांचें जाळें.

या तारांचा इतिहास फार जुना नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्यापुढें जवळजवळ वीस वर्षें लोक छपरावर काड्यांचा अँटेना लावून वरळीच्या मनोऱ्याकडून येणारें चित्र पाहत. आरंभींची परवान्याची फी रद्द झाल्यावर त्यास महिन्याचा खर्च असा कांहींच नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रहांवरून येणाऱ्या परदेशी वाहिन्या दिसूं लागल्या, आणि मग वस्तीवस्तींत एखाद्या होतकरू तरुणानें गच्चीवर मोठी थाळी बसवून शेजाऱ्यांच्या घरांत तार नेण्याचा धंदा काढला. तोच केबलवाला. त्याचा हिशेब एका वहींत मावे. एखाद्या महिन्यास पगार थकला, तर "पुढच्या महिन्यांत घेऊन जा रे" एवढें म्हटल्यानें भागत असे. घरांत दोन संच असले तर तारेस आंतून फांटा काढून दुसरा जोडावा; त्याचे पैसे कोणी विचारीत नसे.

ही जुनी रीत कशी चाले तें पाटाच्या पाण्याच्या दाखल्यानें चटकन् ध्यानांत येईल. पाटाच्या तोंडाशीं असलेल्या शेतास पाणी भरपूर, आणि शेपटाकडे जातां जातां तें मुरत, झिरपत कमी होतें. तरी शेवटच्या बांधावरच्या माणसासहि थोडा ओलावा पोंचतो. केबलच्या चित्राचें तसेंच होतें. वाटेंत जागोजाग लाविलेलीं वर्धक-यंत्रें चित्राबरोबर दोषहि वाढवीत, त्यामुळें रस्त्यालगतच्या चाळींत चित्र स्वच्छ, आणि टेकडीच्या माथ्यावर त्यावर मुंग्या धांवत. पण दिसे. शिवाय एका वाहिनीस तारेंत सात-आठ मेगाहर्ट्झ इतकी जागा लागे. सत्तर-ऐंशी वाहिन्या झाल्या कीं तार भरून जाई. डिजिटल रीतींत चित्राचे आंकडे करून ते दाबून पाठवितात. पूर्वीं एका वाहिनीस लागे तेवढ्या जागेंत आतां दहा-बारा मावतात, आणि वाटेंत दोष सांचत जात नाहींत. मात्र आंकडे पुरते पोंचले नाहींत तर चित्र नुसतें अंधुक होत नाहीं. तें चौकोनाचौकोनांनीं फुटतें, गोठतें आणि मग कांहींच उरत नाहीं. शेपटाकडचा ओलावा हा प्रकार येथें नाहीं. आलें तर पुरें पाणी, नाहीं तर कोरडें खाचर. टेकडीवरच्या घरांस हा भेद पहिल्याच आठवड्यांत कळला. कारण जुन्या, गंजलेल्या जोडांवर मुंग्यांसह चालणारें चित्र नव्या पेटींतून मुळींच येईना, आणि कित्येक गल्ल्यांत तार नव्यानें ओढावी लागली.

हा बदल कायद्यानें आला. केबल दूरचित्रवाणीच्या नियमनाचा कायदा १९९५ चा. त्यांत २०११ सालीं दुरुस्ती होऊन सर्व देशांत चार टप्प्यांनीं डिजिटल रीत सक्तीची झाली. पहिल्या टप्प्यांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई हीं चार शहरें होतीं. त्यांची मुदत ३० जून २०१२ ची होती, ती वाढवून ३१ ऑक्टोबर करण्यांत आली. त्या मध्यरात्रीनंतर घरांत पेटी, म्हणजे ज्यास सर्वत्र सेट टॉप बॉक्स म्हणतात ती, असल्यावांचून केबलवर चित्र मिळावयाचें नव्हतें. जाहिरातींत भर होता तो स्वच्छ चित्रावर आणि शेंकडों वाहिन्यांवर. तें खोटें नव्हतें. परंतु त्यामागें दुसरेंहि एक मोठें कारण होतें, तें मोजणीचें. केबलवाला आपल्या वहींतील घरांपैकीं थोडींच घरें वर कळवी. वाहिन्यांच्या मालकांस तेवढ्याच घरांचे पैसे मिळत, आणि सरकारास करमणूक-कर मिळे तोहि तेवढ्याच घरांवर. मुंबईसारख्या शहरांत हा कर दर जोडणीस महिना ४५ रुपये होता. पेटीस क्रमांक असतो. पेटी लागली कीं तें घर वरच्या यंत्रांत नोंदलें गेलें, आणि मग कोणास कांहीं लपवितां येत नाहीं. नजरअंदाजाची आणेवारी जाऊन प्रत्येक खाचर सांखळीनें मोजलें जावें, तसा हा प्रकार. मोजणी झाली हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. चोरी होत होती, ती थांबावयास हवी होती. आमची तक्रार एवढीच कीं, मोजणीचा लाभ वाहिन्यांस आणि सरकारास, आणि सांखळी मात्र खातेदारानें स्वतःच्या खर्चानें आणावयाची, असा हा व्यवहार झाला.

बंधूंच्या घरीं ३१ तारखेपर्यंत पेटी आली नव्हती. केबलवाला प्रथम हजार रुपये म्हणाला, नंतर बाराशें म्हणाला, आणि शेवटच्या आठवड्यांत माल संपला म्हणाला. दिवाळी तेरा दिवसांवर आलेली. वहिनींनीं फराळाचे आणि नातवाच्या कपड्यांचे पैसे डब्यांत वेगळे काढून ठेविले होते, त्यांतून बाराशें काढणें सोपें नव्हतें. त्या बुधवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही सर्व बसून राहिलों. बाराच्या पुढें एकेक वाहिनी नाहींशी झाली. वहिनी म्हणाल्या, "वीज गेली तर निदान कळतें तरी, भावोजी. हें तर दिवा चालू आणि घर मुकें." दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओटीवर उभें राहिलें तर गल्लींत सहाच्या बातम्यांचा आवाज फक्त दोन घरांतून येत होता, एरव्हीं तो बारा घरांतून येई.

त्यानंतरच्या महिना-दीड महिन्यांत लोकांनीं ज्या युक्त्या लढविल्या त्या पाहण्यासारख्या होत्या. बंधूंच्या भिंतीपलीकडे त्यांच्या मेहुण्याचें बिऱ्हाड. त्यानें पेटी घेतली, आणि पेटींतून निघणाऱ्या तारेस फांटा काढून ती भिंतींतील भोंकांतून बंधूंच्या संचास जोडली. चित्र दोन्ही घरांत उत्तम आलें. परंतु पेटी एका वेळीं एकच वाहिनी उलगडते, त्यामुळें मेहुण्याकडे जें लागेल तेंच बंधूंकडे दिसे. पाटाच्या पाळ्या लावतात तशा मग पाळ्या लागल्या. सात ते आठ या घरच्या बायकांची मालिका, आठ ते नऊ त्या घरची, बातम्या दोघांच्या, आणि क्रिकेटचा सामना असला म्हणजे पाळी मोडली. यावरून एकदां चार दिवस बोलाचाली बंद होती. १७ नोव्हेंबरास बाळासाहेब ठाकरे निवर्तल्याचें वृत्त आलें, त्या दिवशीं आणि दुसऱ्या दिवशीं अंत्ययात्रा निघाली तेव्हां पाळ्यांचा प्रश्नच उरला नाहीं. सारी गल्ली ज्या ज्या घरांत पेटी होती तेथें दाटीनें बसली होती, असें बंधूंच्या पत्रांतून कळलें.

दुसऱ्या कित्येकांनीं केबलचा नाद सोडून छपरावर स्वतःची छत्री बसविली. आपल्या भागांतून पाहतां हे उपग्रह पूर्व आणि दक्षिण यांच्या मधोमध, आग्नेयेच्या अंगास येतात. भांडुपची टेकडी पश्चिमेस उंच आणि पूर्वेस उतरती, म्हणून उतारावरच्या घरांस आकाश मोकळें मिळालें. खालीं जुन्या कारखान्यांच्या जागेवर उठलेल्या उंच इमारतींच्या आडोशास असलेल्यांस तें मिळालें नाहीं. छत्रीचा खरा दोष पावसाळ्यांत कळला. या लहरी दाट पावसांत शोषल्या जातात. जुलैच्या सरींत, नेमकें हवामानाचें वृत्त हवें असतें त्या वेळीं, पडदा कोरा. पत्र्यावर छत्रीसाठीं पाडलेल्या भोंकांतून घरांत पाणी आलें तें वेगळेंच. आणि कांहीं जुन्या माणसांनीं अडगळींतला अँटेना पुन्हां काढून वरळीकडे तोंड करून लाविला, त्यांस दूरदर्शन फुकट दिसत राहिलें.

आमच्या काकू, म्हणजे बंधूंच्या मातोश्री, त्या वेळीं ऐंशीच्या पुढें होत्या. त्यांस अक्षरें दिसत नसत, पण कळदाबावरचा पांच आंकडा बोटास ठाऊक होता. पांच दाबला कीं सह्याद्री. नव्या पेटीबरोबर दुसरा कळदाब आला, वाहिन्यांचे क्रमांक तीन आंकडी झाले, आणि संच एकानें व पेटी दुसऱ्यानें चालू करावयाची अशी दुहेरी व्यवस्था झाली. काकू दोन दिवस रुसून बसल्या. शेवटीं नातवानें एका कळदाबावर एक आणि दुसऱ्यावर दोन असे चुन्याचे ठिपके लावून दिले व सह्याद्री ही पेटीची पहिली आवडती वाहिनी करून ठेविली. चुना पुसला गेला कीं काकू स्वतःच्या पानाच्या डबींतून नवा लावीत.

याच सुमारास परदेशांतहि हा बदल चालला होता. तेथें बंद झालें तें मुख्यतः हवेंतून येणारें जुनें प्रक्षेपण. अमेरिकेंत १२ जून २००९ रोजीं मोठीं केंद्रें बदललीं, तेव्हां सरकारनें मागेल त्या घरास पेटीच्या किमतींत सूट म्हणून चाळीस डॉलरांचीं दोन कूपनें दिलीं होतीं. ब्रिटनांत हें काम प्रांतवार पांच वर्षें चालून २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं, म्हणजे मुंबईच्या एकच आठवडा आधीं, संपलें. तेथें पंचाहत्तरीपुढील व अपंग माणसांच्या घरीं जाऊन यंत्र बसवून देण्याची स्वतंत्र योजना होती. भांडुपास कूपनहि नव्हतें आणि घरीं येणारा माणूसहि. काकूंस तो चुन्याचा ठिपकाच.

असो. खरा फटका पुढें बसला, आणि वाचकांनीं लक्ष द्यावें तें याच ठिकाणीं. बंधूंनीं डिसेंबरांत अखेर बाराशें रुपये भरून पेटी घेतली. दीड-दोन वर्षांनीं त्यांच्या केबलवाल्यानें ज्या कंपनीकडून तो चित्र घेई ती बदलली. एका कंपनीची पेटी दुसरीच्या तारेवर चालत नाहीं. प्रत्येकीची किल्ली निराळी. बंधूंची पेटी एका दिवसांत निरुपयोगी झाली आणि दुसरीसाठीं पुन्हां पैसे मागण्यांत आले. त्यांनीं जुनी परत घेऊन किंमत वळती करा म्हटलें, तेव्हां पावती काढून दाखविण्यास सांगितलें. पावतीवर 'विक्री' हा शब्द नव्हता. 'पेटी चालू करण्याचें शुल्क' असें लिहिलें होतें. म्हणजे बाराशें रुपये देऊन घरांत आणलेली वस्तु घराची नव्हतीच. पेट्या विकत, भाड्यानें वगैरे कोणत्या अटींवर द्याव्या याचा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१३ सालीं काढला होता, आणि शंभर रुपयांत निदान शंभर निःशुल्क वाहिन्या देण्याचा नियम तर २०१२ सालचाच होता. पण ते टेकडीवर कोणी सांगितले नाहींत आणि कोणीं विचारलेहि नाहींत. जमिनीचा कागद आपण तीन वेळां वाचून घेतों. बाराशें रुपयांचा कागद बंधूंनीं एकदांहि वाचला नाहीं, आणि आम्ही तेथें असतों तर आम्हींहि वाचला नसता.

बंधूंच्या माळ्यावर एक जुना लहान संच होता. त्यास दुसरी पेटी घेणें परवडेना, म्हणून तो २०१३ च्या मे महिन्यांत आमच्या घरीं आला. तालुक्याच्या गांवाहून आलेली केबल तोंपर्यंत जुन्याच रीतीची होती, त्यावर तो चांगला चालला. आमची मुदत चौथ्या टप्प्याची. मधल्या टप्प्यांत कित्येक ठिकाणीं न्यायालयांच्या स्थगित्या आल्या, तारखा पुढें गेल्या, आणि शेवटीं खेडोपाडीं ३१ मार्च २०१७ ही तारीख ठरली. त्या वेळीं आम्हीं पेटी घेण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारले: पावतीवर विक्री लिहिणार का, आणि उद्यां तुम्ही कंपनी बदलली तर या पेटीचें काय. पहिल्याचें उत्तर मिळालें नाहीं, दुसऱ्यास केबलवाला हंसला. आम्हीं पेटी घेतली नाहीं. वाडींतील नऊ घरांनीं घेतली. त्यांतील सहांस पुढें ती बदलावी लागली.

आम्हीं बसविली ती दूरदर्शनची फुकट छत्री. ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. हल्लीं तिला फ्री डिश म्हणतात. यंत्राचे व बसविण्याचे मिळून एकदांच हजार-दीड हजार रुपये गेले, महिन्याची वर्गणी नाहीं. सह्याद्री दिसते, २६ मे २०१५ पासून सुरू झालेली किसान वाहिनी दिसते, बाकी मालिकांची आवड असणाऱ्यांची निराशा होते, हें कबूल केलें पाहिजे. बागायतदारांस एक सूचना. ही छत्री आग्नेयेकडे, आणि आपल्या कोंकणांत क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर रोखावी लागते. जमिनीलगत बसविलेल्या छत्रीच्या आग्नेयेस चाळीस फुटी माड वीस-बावीस फुटांच्या आंत असला तर तो आड येतो, त्याहून लांब असला तर येत नाहीं. आमच्या शेजाऱ्यानें हें न मोजतां उगीच एक फळतें झाड तोडलें. जुना संच वापरावयाचा असेल तर त्याच्या पाठीस तीन रंगांच्या तारा घालण्याचीं भोंकें आहेत कीं नाहींत तेंहि आधीं पाहावें. नसल्यास मध्यें आणखी एक लहान यंत्र लागतें.

भांडुपच्या घरीं केबल अद्याप आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याचा नियम आला, तेव्हां पहिल्या शंभर वाहिन्यांचें भाडें १३० रुपये, त्यावर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्या वेगळ्या, असा हिशेब होता. वहिनींनीं वाण्याची यादी करावी तशी दिनदर्शिकेच्या पाठीवर यादी केली, प्रत्येकीपुढें किंमत लिहिली, आणि खालून तीन नांवें खोडलीं. त्या तीन कोणाच्या होत्या तें बंधूंनीं सांगितलें नाहीं, पण क्रिकेट पाहण्यास ते पुन्हां मेहुण्याकडे जाऊं लागले. हवेंतून येणारें जुनें दूरदर्शनहि आतां संपलें. निवडक पन्नासेक ठिकाणें सोडून देशांतले ते क्षेपक मार्च २०२२ अखेरपर्यंत बंद झाले. मुंबई, औरंगाबाद अशा सोळा शहरांत २०१६ सालीं हवेंतून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालें होतें, परंतु तें घेणारें यंत्र आम्हांस भांडुपांत एकाहि घरीं पाहावयास मिळालें नाहीं.

गेल्या खेपेस माळ्यावर तांदळाची पिशवी ठेवावयास चढलों, तेव्हां २०१२ ची ती पहिली पेटी तेथें दिसली. फडक्यांत नीट गुंडाळून, वर सुतळी बांधलेली. ही भंगारांत कां देत नाहीं, असें विचारतां वहिनी खालूनच म्हणाल्या, "देऊं कशी? पावतींत कुठें लिहिलंय ती आमची म्हणून? उद्यां मागायला आला, तर काय दाखवूं त्याला, भावोजी?"